फरशीखालचे नियम

मृणाल एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नुकतीच रुजू झालेली स्थापत्य अभियंता आहे. काका एका महापालिकेच्या जलनिस्सारण विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. राज्यातल्या सगळ्या इमारतींच्या प्लंबिंगला एकच नियम असावा का, या विषयावर दोघांचं झालेलं हे बोलणं.

मृणाल : काका, माझ्याकडे रोज नकाशे येतात. सामासिक अंतर, उंची, पार्किंग, एफएसआय, सगळं मी नियमावली उघडून ओळीनं तपासते. प्लंबिंगचं पान आलं की मात्र नुसता शिक्का पडतो. याला राज्याचा नियमच नाही का?

काका : नियम आहे, पण तो पोचलेला नाही. बघ, डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, आली. त्याआधी प्रत्येक शहराची विकास नियंत्रण नियमावली वेगळी. नाशिकचा आर्किटेक्ट कोल्हापुरात गेला की पुन्हा पहिल्यापासून शिकायचा. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा असे काही अपवाद सोडले, तर आता राज्यभर एकच पुस्तक आहे. मोठं काम झालं ते. पण त्या पुस्तकात प्लंबिंगपाशी आलीस की ते राष्ट्रीय इमारत संहितेकडे, २०१६ च्या संहितेतल्या भाग ९ कडे बोट दाखवतं आणि पुढे जातं.

मृणाल : म्हणजे भाग ९ बंधनकारक झालाच की.

काका : कागदावर झाला. ही संहिता पहिल्यांदा १९७० साली निघाली, मग १९८३, २००५ आणि २०१६ ला सुधारली. मुळात ती मार्गदर्शक. राज्यानं आपल्या नियमात घेतली की तिला बळ येतं. पण ते बळ वापरणारा माणूस कुठाय? तूच सांग, तुमच्याकडे आगीची तपासणी कशी होते?

मृणाल : २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे ना. परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी लागतं.

काका : लिफ्टला राज्याचा कायदा आहे, सरकारी निरीक्षक आहे. वायरिंगला विद्युत निरीक्षक आहे. वायरमनचा परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं, तो गडचिरोलीतही चालतो आणि सिंधुदुर्गातही. आग, लिफ्ट, वीज, तिन्हींना राज्याची यंत्रणा. पाण्याला आणि मैल्याला? प्लंबरचा परवाना ज्या त्या महापालिकेचा. आणि लहान गावात बहुतेक कुणाचाच नाही.

मृणाल : असं का झालं असेल?

काका : शॉक लागला तर माणूस तिथेच पडतो, लिफ्ट पडली तर पेपरात येतं. खराब प्लंबिंगनं आलेली कावीळ आणि जुलाब ‘साथ’ म्हणून नोंदवले जातात. पाइपापर्यंत कुणी मागोवा घेत जात नाही. जिथे घेतला तिथे काय दिसलं ते ऐक. मार्च २००३, हाँगकाँग, अमॉय गार्डन्स नावाची वसाहत. सार्सची साथ चालू होती. त्या एका वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली, ४२ गेले. त्यातही एकाच विंगमध्ये सगळ्यात जास्त. डॉक्टर चक्रावले, कारण हे लोक एकमेकांना भेटलेसुद्धा नव्हते.

मृणाल : मग पसरलं कसं?

काका : बाथरूमच्या जमिनीवरच्या जाळीतून. जाळीखाली ट्रॅप असतो, आपण नहाणी ट्रॅप म्हणतो. वाकवलेल्या भांड्यात दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी कायम साठलेलं राहतं. तेवढं पाणी म्हणजे तुझं घर आणि खालची गटार यांच्यामधलं एकुलतं एक दार. तिथले लोक फरशी धुवायचे नाहीत, नुसती पुसायचे. ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलं. आतून एक्झॉस्ट फॅन लावला की तो मैल्याच्या उभ्या पाइपातली हवा ओढून बाथरूममध्ये आणायचा. एका आजारी माणसाच्या जुलाबातला विषाणू असा मजल्यामजल्यांवर गेला, असा तिथल्या सरकारी तपासाचा निष्कर्ष होता.

मृणाल : आपल्याकडे बाथरूममध्ये रोज पाणी ओततात. ट्रॅप वाळणार नाही.

काका : बंद फ्लॅटमध्ये वाळतो. मुलं परदेशी, फ्लॅटला कुलूप, अशी किती घरं आहेत तुमच्या गावात? आणि न वाळताही ट्रॅप रिकामा होतो. वरच्या मजल्यावरून फ्लशचं पाणी उभ्या पाइपातून धाडकन खाली येतं, जाताना मागची हवा ओढतं, आणि तुझ्या ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. म्हणून व्हेंट पाइप लागतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं गचके देत येतं, दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. व्हेंट म्हणजे ते दुसरं भोक. गच्चीवर तोंड उघडं असलेला जो पाइप दिसतो ना, तो.

मृणाल : आमच्याकडे एका इमारतीत वरच्या मजल्यावाल्यांनी तो खिडकीसमोर येतो म्हणून कापून त्याला टोपण लावलं होतं!

काका : आणि खालच्या सगळ्यांकडे वास यायला लागला असेल. मग बिल्डरला शिव्या, प्लंबरला शिव्या, फिनाईलच्या बाटल्या. आता मला सांग, ट्रॅपमधलं पाणी किती हवं, व्हेंट कुठून कुठे न्यायचा, यात नगर आणि नांदेड असा काय फरक असणार? हवेचा दाब चांद्यापासून बांद्यापर्यंत सारखाच वागतो. एवढ्या भागापुरता एकच नियम हवा, आणि तो सक्तीचा हवा, असं माझं ठाम मत आहे.

मृणाल : पण ‘एवढ्या भागापुरता’ म्हणालात.

काका : कारण सगळं एका मापात बसत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीचं घे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसते पुरलेले ड्रेनेजचे पाइप दोन-चार वर्षांत सांध्यातून सुटतात. तिथे पाइपाखाली वाळूचा, मुरमाचा थर जास्त लागतो. शोषखड्डाही काळ्या मातीत नीट शोषत नाही. कोकणात उलट. जांभ्यातून पाणी भराभर जातं, आणि शेजारच्याच विहिरीत जातं. रत्नागिरीच्या पावसाला गच्चीवरून जेवढे पाइप उतरवावे लागतात, तेवढे सांगोल्याला लागत नाहीत. हे सगळं स्थानिकांवर सोडावं. राज्यानं तळाची रेघ आखून द्यावी. तिच्या वर ज्याला जितकं जायचं त्यानं जावं, खाली कुणी जायचं नाही.

मृणाल : तळाच्या रेघेत ट्रॅप आणि व्हेंट. आणखी?

काका : माझ्या मते सगळ्यात निकडीची गोष्ट म्हणजे पाणी उलटं येणं. अमेरिकेत १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. दोन हॉटेलांमध्ये आमांशाची साथ आली, ९८ माणसं मेली. तपासात निघालं, जुनं प्लंबिंग, चुकीच्या जोडण्या, मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. त्याच्या आधीच, १९२० च्या दशकात, हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री असताना तिथे किमान प्लंबिंगचा नमुना नियम तयार झाला होता, कारण गावागणिक नियम वेगळे होते. पण नमुना छापला म्हणजे जुन्या हॉटेलातले पाइप बदलत नाहीत.

मृणाल : तिकडे चोवीस तास पाणी. आपल्याकडे दिवसातून एखादा तास. मग धोका कमी नाही का?

काका : जास्त! चोवीस तास दाब असला तर पाइपाला बारीक चीर पडली तरी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. आपल्याकडे पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच चिरेतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत शोषलं जातं. त्यात लोक थेट नगरपरिषदेच्या लाइनला मोटार लावतात. मोटार पाणी ओढते तशी घाणही ओढते. आता घराच्या आत ये. जमिनीखालच्या टाकीत नळ कुठून सोडलेला असतो?

मृणाल : वरून. झाकणाजवळून.

काका : नकाशात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नळाला पाइपाचा तुकडा लावून तो टाकीच्या तळापर्यंत नेलेला असतो, खाली पाणी लवकर येतं म्हणून. पाणी बंद झालं, खालच्या गल्लीत कुणी नळ उघडा ठेवला, की तुमच्या टाकीतलं पाणी सायफननं उलटं लाइनीत. टाकीत उंदीर मेला असेल तर त्याचा अर्क सगळ्या गल्लीला. उपायाला एक पैसाही लागत नाही. नळाचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीच्या वर ठेवायचं, तोंडाच्या व्यासाच्या निदान दुप्पट मोकळी हवा मधे सोडायची. हवेतून पाणी उलटं चढत नाही. त्याच न्यायानं संडासातल्या जेटची नळी बादलीत बुडवून ठेवायची नाही.

मृणाल : मी हे कुठल्याच नकाशावर तपासलेलं नाही.

काका : नकाशावर ते दिसतही नाही. ही खरी अडचण आहे. खांब, भिंती, पार्किंग भोगवटा प्रमाणपत्र देताना डोळ्यांनी दिसतं. प्लंबिंग तोवर कोब्याखाली आणि टाइल्सखाली गेलेलं असतं. एसडब्ल्यूआर, म्हणजे मैल्याचे, सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे पाइप बघितलेस कधी जवळून? त्याच्यावर छापलेलं असतं, टाइप ए किंवा टाइप बी. ए पातळ, पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला. बी जाड, मैल्याला आणि सांडपाण्याला. दुरून दोन्ही सारखेच. ठेकेदारानं मैल्याच्या लाइनीला ए लावला आणि वर कोबा टाकला, की ते कळणार खालच्या घराच्या छताला ओल आल्यावरच.

मृणाल : आणि एकसारखा नियम केला म्हणजे खर्च वाढेल, असं बिल्डर म्हणणार. परवडणाऱ्या घरांचं काय?

काका : प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर ‘काहीच वाढणार नाही’ असं देणं खोटं होईल. व्हेंटचा वेगळा पाइप म्हणजे पैसे. पण नीट नियम खर्च कमीही करतो. रॉय हंटर नावाचा एक अभियंता वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होता. १९४० साली त्यानं संभाव्यतेचा हिशोब मांडून दाखवलं की इमारतीतले सगळे नळ एकाच क्षणी चालू नसतात, त्यामुळे सगळ्यांच्या बेरजेइतका जाड पाइप लागत नाही. भाग ९ मधले तक्ते त्याच पठडीतले आहेत. आपल्याकडे मात्र प्लंबर अंदाजानं पाइप टाकतो. कुठे दुप्पट जाड, कुठे सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावर थेंब नाही. एक मात्र आहे, जिथे पाणी तासभरच येतं तिथे त्या तासात सगळेच नळ उघडे असतात. तिथे हंटरचा हिशोब जसाच्या तसा घेता येणार नाही. राज्याचा नियम करणाऱ्यांनी आपल्या गावांतला पाण्याचा वापर मोजूनच तक्ते करावेत, नुसते उतरवून काढू नयेत.

मृणाल : आणि नियम केला तरी वाचणार कोण? भाग ९ इंग्रजीत आहे. आमच्याकडचे प्लंबर ओडिया बोलतात.

काका : केंद्रपाड्याचे असतील. तिथल्या पट्टामुंडाईत सरकारी प्लंबिंग संस्था आहे, आणि तिथले कारागीर देशभर जातात. हात चांगला असतो त्यांचा. म्हणून मी म्हणतो, राज्याचा नियम मराठीत हवा, हिंदीत हवा, आणि निम्म्याहून जास्त चित्रांत हवा. ट्रॅप असा, व्हेंट असा, टाकीतला नळ असा, आणि शेजारी चुकीच्या जोडणीवर लाल फुली. आयटीआयमध्ये प्लंबरचा वर्षाचा कोर्स आहे, त्याला तेच पुस्तक लावा. परवाना वायरमनसारखा राज्याचा करा. परवाना असलेल्या माणसाची सही असेल तरच पाइपावर कोबा पडेल, असं झालं तर त्या सहीला किंमत येईल, त्याची मजुरीही वाढेल. वाढायलाच हवी.

मृणाल : काका, हे सगळं मुंबईत मंत्रालयात ठरायचं. मी इथे आमच्या ऑफिसात काय करू? आम्ही दोघेच अभियंते, आणि इमारती शेकड्यांनी.

काका : तुझ्या नियमावलीत भाग ९ चा उल्लेख आधीच आहे, त्यामुळे तुला नवा कायदा लागत नाही. परवानगीच्या पत्रात एक अट घाल. कोबा टाकण्याआधी मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी खालून बंद करून पाण्यानं भरायच्या, पातळी उतरत नाही हे दाखवायचं, पाइपावरचा छाप दिसेल असे फोटो काढायचे, आणि इमारतीच्या अभियंत्याच्या सहीनं फाइलला जोडायचे. दहा इमारतींपैकी एकीत तू न सांगता स्वतः जाऊन बघायचं.

मृणाल : मुख्याधिकारी म्हणतील, शेजारच्या नगरपरिषदेत ही अट नाही, बिल्डर तिकडे जातील.

काका : म्हणूनच तर राज्याचा नियम हवा! तोवर शेजारच्या अभियंत्याला फोन कर. दोन गावांनी एकाच महिन्यात हीच अट घातली तर जायला जागा उरत नाही. मसुदा आज लिहून आण, व्हेंटचं कलम मी तपासून देतो. त्यात गच्चीवरचा पाइप कापायचा नाही हेही घाल, आणि सोसायटीच्या कागदांत ते जाईल असं बघ.