‘इंजिन बंद करू नका, आलोच!’

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सर्व्हेच्या कामावर बेल २०६ जेटरेंजर हेलिकॉप्टर उडवणाऱ्या एका वैमानिकाला काम देणाऱ्या साहेबांचा आवाज आठवला की आजही तिडीक येते. ‘इंजिन बंद करू नका, आलोच,’ म्हणत साहेब तंबूत शिरले, ते कॉफीचा दुसरा कप संपवूनच बाहेर आले. तोवर हेलिकॉप्टर आयडलवर होतं आणि बर्फ पडत होता.

साहेब आले तेच ‘चला, चला’ करत. वैमानिकाने इंजिन बंद केलं, रोटर थांबू दिला आणि वर चढून टॉर्च मारली. बर्फ अडवणाऱ्या स्नो डिफ्लेक्टरच्या मागे, इंजिनात हवा घेणाऱ्या इनटेकच्या खालच्या कडेवर ओला बर्फ गोठून बसला होता. बोटाने दाबला, हलेना. टेकऑफला पॉवर घेतली असती तर हाच थर सुटून थेट कॉम्प्रेसरमध्ये गेला असता.

खाली साहेब घड्याळ दाखवत होते. थर बघायला वर चढायची तसदी त्यांनी घेतली नाही. मग तक्रार गेली: वैमानिक घाबरट आहे. कंपनीनेही ‘ग्राहकाला जरा सांभाळून घ्यायचं’ असं त्यालाच सुनावलं.

घाबरटपणाचा इथे संबंधच नाही. इनटेकमध्ये शिरताना हवेचा वेग वाढतो, दाब आणि तापमान उतरतं. त्यामुळे बाहेर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही आत बर्फ धरू शकतो. म्हणून बेल २०६च्या मॅन्युअलमध्ये ढग, धुकं, पाऊस असताना सुमारे ४ अंश सेल्सियसच्या खाली अँटी-आइस चालू ठेवायला सांगितलं आहे. पण ते कॉम्प्रेसरचं तोंड गरम ठेवतं, त्याच्या पुढची सगळी वाट नव्हे. डिफ्लेक्टर बसवलेले असले तरी पडत्या बर्फात हॉवर २० मिनिटांपुरतंच. मग उतरून तपासायचं. जमिनीवरचं आयडलही निर्धोक नसतं. अमेरिकी प्रमाणन नियमांत उणे ९ ते उणे १ अंशांच्या, पाण्याचे थेंब असलेल्या हवेत ३० मिनिटं आयडल आणि लगेच टेकऑफ पॉवर अशी चाचणीच सांगितली आहे.

नव्या वैमानिकांना हाच वैमानिक सांगतो: थांबायचं असेल तर इंजिन बंद करा, थंड झालं की इनटेकला झाकण लावा. झाकण काढण्याआधी भोवतीचा बर्फ झाडा, नाहीतर तोच आत पडतो. गरम काऊलिंगवर वितळलेलं पाणी रात्रीत इनटेकच्या तळाशी गोठतं आणि असा पारदर्शक थर नजरेला चकवतो. नुसतं डोकावू नका, हात फिरवा.

ऑटो-रिलाइटच्या भरवशावर राहू नका. विझलेली ज्वाला ते पुन्हा पेटवेल, पण बर्फाच्या ढेकळाने वाकलेलं कॉम्प्रेसरचं पातं सरळ करणार नाही. हवामान पाहूनच निघा, हे तर आलंच.

आणि बर्फात थांबताना इंजिन बंद राहील, निघण्याआधी तपासणीला लागेल तेवढा वेळ लागेल, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. सही ऑफिसातल्या कारकुनाची नको. मागच्या सीटवर बसून जो घड्याळ दाखवणार असेल, त्याचीच घ्या.