रात्री दीडचं विमान

बँकेत चौतीस वर्षं आकडेमोड केलेला माणूस मी. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं तिकीट हातात पडलं आणि आधी भागाकार करून मोकळा झालो. मुंबई ते न्यूअर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे १४ तास. तिकिटावर मात्र सुटायची वेळ १.३० आणि पोचायची सकाळी ७.३०, दोन्हीकडे तारीख १२ मे. सहा तासांत अमेरिका! मग तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, ते मिळवलं. झाले साडेपंधरा.

हा वरचा दीड तास कुठून आला, ते शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. लेकीच्या शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढून त्यावर दोरा ताणला. जवळची वाट अरबस्तानावरून नाही, उत्तरेकडे चढून ध्रुवाच्या बाजूने उतरते. शिवाय पश्चिमेला जाताना वरचे वारे समोरून येतात. परतताना तेच पाठीशी असतात, म्हणून येताना वेळ कमी लागतो. सगळं कळलं. तारीख तेवढी वाचायची राहिली.

१२ मेला संध्याकाळी पाचला पुण्याहून गाडी निघाली. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, सगळं बॅगेत. काउंटरवरच्या मुलीने तिकीट माझ्याकडे फिरवलं, १.३० वर पेनाचं टोक ठेवलं आणि हळूच म्हणाली, "काका, हे विमान आज पहाटेच गेलं."

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि बोलण्यातही रात्रीचा दीड हा आदल्या दिवसाचाच. विमानाची तारीख मात्र बाराच्या ठोक्याला बदलते. म्हणून बारा ते पहाटे पाच यांमधलं विमान असेल, तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत लिहा: 'रात्री लवकर जेवून निघणे.' येताना तिकिटावर '+१' दिसलं तर न्यायला येणाऱ्याला तारीख बोलून सांगा. विमान चुकणारच असं दिसलं, तर ते सुटायच्या आत कंपनीला फोन करा. न कळवता गैरहजर राहिलात, तर बहुतेकदा परतीचं तिकीटही रद्द होतं. आमचं झालं.

आणि प्रवास उंबऱ्यापासून मोजा. पुणे ते विमानतळ चार तास, तिथे तीन तास आधी पोचायचं, विमानात साडेपंधरा, पलीकडच्या रांगांत दोन. एक दिवस संपला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन या हिशेबाने कसं घ्यायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारा. जेवण विमानाच्या वेळेला येतं, आपल्या नाही. नोव्हेंबर ते मार्च घड्याळांतला फरक साडेदहा तास होतो. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या तासांवरही विसंबू नका. २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं आणि त्यांच्या काही वाटा लांबल्या.

आम्हाला जागा मिळाली १५ तारखेची. नातू थांबला नाही. तो झाला तेव्हा तिकडे १३ मेच्या रात्रीचे नऊ वाजले होते, इकडे १४ची सकाळ, साडेसहा. ही लाडूंचे डबे पुन्हा बॅगेत भरत होती. वाढदिवस कोणत्या तारखेचा धरायचा, यावर घरात अजून एकमत नाही.