उजव्या पायाची व्हीली

पुढचं चाक हवेत उचलायला पाच मिनिटांत शिकता येतं. तेच चाक आपल्या मर्जीने जमिनीवर आणायला शिकण्यात महिना जातो, आणि बहुतेकांचा धीर नेमका त्या महिन्यात सुटतो. म्हणून स्टँड-अप व्हीलीची ही कृती मी उलटी सांगणार आहे. आधी उभं राहणं, मग ब्रेक, मग क्लच, आणि चाक वर जाणार ते सगळ्यात शेवटी. एवढा दम नसेल तर गाडी घेऊन लोणावळ्याला जा, भजी खा, परत या.

उदाहरणाला गाडी धरली आहे केटीएमची आरसी २००. चाकणला बनते, १९९.५ सीसीचं एक सिलिंडर, पंचवीसेक हॉर्सपॉवर. शिकायला याहून मोठी गाडी नको. हजार सीसीच्या गाडीचं चाक पहिल्या गिअरमध्ये नुसत्या रेसवर उठतं, आणि न विचारता उठतं. आरसीला मात्र क्लच मारून उठवावं लागतं, त्यामुळे चुकून काही होत नाही. ड्यूक २०० चं इंजिन याच घरातलं आणि हँडल उंच, रुंद. उभं राहायला ती सोपी पडते. पण हौस स्पोर्ट बाइकचीच असेल तर खाली बसवलेल्या क्लिप-ऑन हँडलची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

जागा खासगी हवी, मालकाची परवानगी लेखी हवी. दोन-अडीचशे मीटर सरळ डांबर किंवा काँक्रीट, आणि दोन्ही बाजूंना खांब, कठडा, झाड काही नको. रात्री बाराला बायपास रिकामा दिसतो आणि हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी चाक वर असताना तुम्हाला ना वळता येतं, ना पुढचा ब्रेक असतो, ना समोरचा दहा मीटरचा रस्ता दिसतो. तेवढ्यात आडवं येणारं कुत्रंही नको आणि दूधवाला तर नकोच.

सोबत एक माणूस हवाच. त्याचं काम रील काढणं नाही. फोन चार्ज केलेला, जवळचं हॉस्पिटल कुठे ते ठाऊक असलेला आणि हेल्मेट कसं काढायचं नाही हे समजणारा असा तो हवा. अंगावर फुल-फेस हेल्मेट, पाठीचा गार्ड, घोट्याच्या वर जाणारे बूट, हातमोजे, गुडघ्या-कोपरांना गार्ड. यात जीन्स धरलेली नाही.

आता गाडी. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढाच ठेवा. ढिली चेन क्लच सोडताना झटका देते आणि त्या झटक्याचा अंदाज कधीच येत नाही. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. गाडी उभी झाली की ऑइल मागे सरकतं आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढू शकतो. मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा कमी चालेल. त्याने टायर जरा पसरून बसतो आणि गाडी डुलत नाही. कोणी पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करतं, कोणी मागचं तीन दातांनी मोठं. परिणाम जवळपास सारखाच, गाडी लवकर उठते. सुरुवातीला याची गरज नाही. ज्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे तिथे ते बंद करा. आणि एबीएस. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. मागच्या चाकालाही एबीएस असलेल्या गाडीत पुढचं चाक हवेत थांबलं आणि मागचं फिरत राहिलं की यंत्रणेचा गोंधळ उडू शकतो, आणि हवा तेव्हा मागचा ब्रेक मऊ लागू शकतो. केटीएमच्या काही गाड्यांत सुपरमोटो मोड असतो, त्यात मागचं एबीएस बंद होतं. नसेल तर आपल्या गाडीची व्यवस्था काय आहे ते मेकॅनिकला विचारूनच पुढे जा.

पहिला टप्पा, पाय कुठे ठेवायचा. डावा पाय मागे बसणाऱ्याच्या पेगवर, उजवा पाय आपल्या नेहमीच्या पेगवर. डावा गुडघा सीटच्या शेपटीला टेकलेला, उजव्या गुडघ्याने टाकी हलकेच धरलेली. स्पोर्ट बाइकवाल्यांना वळणात पेगवर पंजा ठेवायची सवय असते आणि ती सवय इथे घात करते. इथे पेग तळव्याच्या मधल्या कमानीखाली हवा, म्हणजे बुटाचं टोक ब्रेक पेडलच्या वर राहतं. असं उभं राहून पेडल तपासा: बोटं त्यावर सहज टेकली पाहिजेत, पण ब्रेक लागता कामा नये. लागत असेल तर रॉडचा नट ढिला करून पेडलची उंची बदला.

हे मी तपासलं नव्हतं. गाडी स्वारासकट मागे उलटते त्याला स्टंटवाले लूप म्हणतात. मी आयुष्यात एकदाच लूप झालो. चाक वर गेलं, टाकी छातीसमोर आली, मी बुटाचं टोक दाबलं आणि टोकाखाली नुसती हवा होती. पेगवर पंजा होता ना! पुढच्या क्षणी मी काँक्रीटवर बसलेलो आणि गाडी माझ्यासमोर शेपटीवर घसरत चाललेली, पुढचं चाक आभाळाकडे करून निवांत फिरणारं. टेललाइट, नंबर प्लेट आणि मागचं मडगार्ड गेलं, माकडहाड तीन आठवडे ठणकलं. घरी ‘घसरलो’ एवढंच सांगितलं, आणि तीन आठवडे उशीवर बसून जेवलो.

दुसरा टप्पा, नुसता ब्रेक. दोन्ही चाकं जमिनीवर. पहिला गिअर, ताशी वीसच्या आसपास, वर सांगितल्यासारखं उभं राहा. थोडी रेस द्या आणि रेस चालू असतानाच मागचा ब्रेक टिचकी मारल्यासारखा दाबून सोडा. गाडीचं नाक खाली जाताना जाणवेल. पाय रोवून दाबायचं नाही. चाक जाम झालं की इंजिन बंद पडतं. असं पन्नास वेळा. कंटाळा येईल, येऊ दे. उद्या घाबरल्यावर डोकं काही विचार करणार नाही, पाय करेल, आणि पायाला त्याचं काम आत्ताच शिकवायचं आहे.

तिसरा टप्पा, क्लच. थांबलेल्या गाडीवर क्लच सोडताना ती कुठे पकडते ती जागा बोटांत बसवा. मग उभ्याने पंधरा-वीसच्या वेगात दोन बोटांनी क्लच त्या जागेच्या जरासा आत ओढा, रेस थोडी वाढवा, क्लच सोडा. गाडी पुढे उसळेल, चाक उठणार नाही. इंजिन चार हजारांवर असताना काय होतं, पाचवर काय होतं, हे अंगाने ओळखायचं. क्लच पूर्ण ओढून रेस किंचाळेपर्यंत न्यायची आणि बोटं झटकन सोडायची, ही पद्धत रीलमध्ये बरी दिसते. त्यातून जळक्या क्लच प्लेटचा वास मात्र हमखास मिळतो, गरम टायर आणि करपलेली डाळ एकत्र केल्यासारखा. तो वास आला की गाडी वीस मिनिटं बंद.

चौथा टप्पा, उसळी. इथे उभं राहण्याचा फायदा कळतो. उभ्या माणसामुळे गाडी आणि स्वार मिळून जो गुरुत्वमध्य बनतो तो वर आणि मागे सरकतो, त्यामुळे बसून लागते त्यापेक्षा कमी जोरात चाक उठतं. वर पाय स्प्रिंगचं काम करतात. पंधरा-वीसचा वेग. गुडघ्यांतून वजन खाली टाका, पुढचा फोर्क दबेल. तो परत वर येऊ लागला की त्याच क्षणी इंजिन सहा हजारांच्या आसपास आणि क्लच सुटलेला. वेळ जुळली तर फार जोर लागत नाही. जुळली नाही तर कितीही रेस द्या, गाडी नुसती पुढे पळेल. हँडल ओढायचं नाही, हातांनी फक्त धरायचं. हात ताठ झाले की तुम्ही हँडलला लोंबकळता, आणि लोंबकळणारा माणूस नकळत रेस वाढवतो.

पहिले दोन दिवस चाक वीतभरच उठू दे, आणि प्रत्येक वीत ब्रेकने खाली आणा. रेस सोडूनही ते येईल, पण तसं आणायचं नाही. ब्रेकनेच. चाक खाली टेकताना रेस किंचित चालू हवी म्हणजे ते आपटत नाही, आणि हँडल सरळ हवं. हवेत चाक मंदावलेलं असतं. जमिनीला लागताना ‘चिक’ असा आवाज करून ते वेग पकडतं. ते तिरकं टेकलं तर हँडल दोन्हीकडे फडफडतं, त्या वेळी घट्ट पकडून भांडू नका, पकड सैल ठेवा, फडफड आपोआप विरते. घाबरून क्लच मात्र दाबायचा नाही, चाक कितीही वर असो. खाली असताना दाबला तर पुढचं चाक दगडासारखं आपटतं. फार वर असताना दाबला तर इंजिनाचा ओढा संपतो आणि गाडी मागे जायला मोकळी होते.

आता बॅलन्स पॉइंट. गाडी आणि स्वाराचा गुरुत्वमध्य मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या बरोबर वर आला की चाक वर ठेवायला वेग वाढवत राहावं लागत नाही. उभ्याने हा बिंदू बसल्यापेक्षा थोडा लवकर येतो, तरीही पंचेचाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे नवशिक्याला वाटतं त्याच्या दुप्पट उंच. त्याच्या अलीकडे असाल तर चाक वर ठेवायला सतत रेस वाढवावी लागते. आरसीचा पहिला गिअर चाळिशीच्या आसपास संपतो, लिमिटर इंजिन तोडतो आणि नाक धपकन खाली येतं. म्हणून सुरुवातीच्या व्हीली आखूड असतात आणि असू द्याव्यात. हा बिंदू सापडल्यावर काय होऊ शकतं ते जपानच्या यासुयुकी कुदो यांनी १९९१ मध्ये दाखवलं. होंडाच्या ट्रायल बाइकवर त्यांनी एकाच व्हीलीत ३३१ किलोमीटर कापले. मुंबईहून नाशिकला जाऊन परत येण्याएवढं अंतर, सगळं मागच्या चाकावर. ती गाडी रेसिंगची नव्हती, हे लक्षात घ्या.

उंची रोज थोडी वाढवा, आणि एकच नियम पाळा: ज्या उंचीवरून दहापैकी दहा वेळा ब्रेकने खाली आणलं तिथूनच पुढे. नऊ वेळा जमलं तर उद्या परत तीच उंची. बिंदूच्या जवळ गाडी अचानक हलकी लागते, हँडलमधलं वजन नाहीसं होतं, इंजिनाचा आवाज एका सुरात येतो. तिथे नजर हँडलवर नको. कडेने दूरचा पट्टा पाहा. गाडी एका बाजूला झुकली तर गुडघ्यांनी हलकेच सावरा. हँडल वळवून उपयोग नाही, पुढचं चाक हवेत आहे.

रोज तासाभराच्या वर नको. पोटऱ्या थकल्या की उसळीची वेळ चुकते आणि माणूस ती कसर रेसने भरून काढायला जातो. सराव संपला की पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर हँडलच्या बेअरिंगचा कोन सेट गेलाय. फोर्कच्या नळीवर ऑइलचा ओघळ दिसला तर सील. चेन परत मापा, एका दिवसात ती ढिली होते. दुसऱ्या दिवशी डावी मांडी दुखेल, ते ठीकच आहे, सगळा भार तिच्यावरच होता. पण उजवी नडगी दुखत असेल तर पेडल उंच राहिलंय आणि तुम्ही तासभर बोटं वर उचलून धरली होती. गाडी सुरू करायच्या आधी पाना काढा आणि ते थोडं खाली घ्या.