जुन्या फोनमधील नवा कर्नल

स्मार्टफोन घेऊन काही वर्षे लोटतात आणि एके दिवशी कळते, की त्यातील प्रणालीची सुधारित आवृत्ती आता मिळणार नाही. पडदा सुस्थितीत असतो, बॅटरी बदलून घेता येते. तरीही फोन कालबाह्य ठरतो. असे का व्हावे? याचे एक महत्त्वाचे कारण आहे कर्नल.

कर्नल म्हणजे संचालन प्रणालीचा गाभा. यंत्राचे सुटे भाग आणि आपण वापरतो त्या आज्ञावली यांमधील तो दुवा होय. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये 'लिनक्स' हा कर्नल लिहिण्यास आरंभ केला आणि तो सर्वांसाठी खुला केला. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सच असतो. मात्र चिप आणि फोन तयार करणाऱ्या कंपन्या त्याची एक प्रत घेऊन तीत आपल्या यंत्रापुरते फेरफार करतात. हे फेरफार पुष्कळदा मूळ लिनक्सपर्यंत पोहोचतच नाहीत. मूळ कर्नल पुढे जातो, फोनमधील प्रत मागे राहते.

मग मूळ कर्नलच थेट फोनमध्ये का बसवू नये? अडचण अशी, की संगणकाला यूएसबीने जोडलेला माउस स्वतःची ओळख सांगतो. फोनमधील बहुतेक भाग मात्र मुके असतात. स्पर्शाची जाणीव घेणारी चिप कोणत्या तारांवर आहे, तिचा पत्ता कोणता, तिला किती व्होल्ट वीज द्यायची, हे कोणीतरी सांगावे लागते. पूर्वी एआरएम चिपच्या यंत्रांविषयीची अशी माहिती कर्नलच्या आज्ञावलीतच लिहीत. तिचा पसारा इतका वाढला, की २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली. पुढे ही माहिती 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या वर्णनपत्रात लिहिण्याची पद्धत एआरएमसाठीही रूढ झाली. भागाला प्रत्यक्ष चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, आधीच उपलब्ध असेल तर काम पुष्कळ हलके होते. नसेल तर तोही लिहावा लागतो.

हे काम चिकाटीचे आहे. पडदा चालू होईपर्यंत काय बिघडले हे फोन दाखवू शकत नाही; म्हणून तारा जोडून कर्नलचे संदेश दुसऱ्या संगणकावर वाचतात. विजेचा दाब चुकीचा लिहिला गेला तर एखादा भाग कायमचा निकामीही होऊ शकतो. कॅमेरा बहुधा सर्वांत शेवटी चालतो. तरीही २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'पोस्टमार्केटओएस' प्रकल्पाने फोन दहा वर्षे टिकावा हे ध्येय ठेवले आणि २०१८ मधील वनप्लस ६ सारख्या फोनची वर्णनपत्रे मूळ लिनक्समध्ये दाखल झाली.

दाखल होणे सोपे नसते. प्रत्येक बदल त्या विभागाचे जाणकार तपासतात, त्रुटी दाखवून परत पाठवतात. पण एकदा तो स्वीकारला गेला, की पुढे कर्नलची अंतर्गत रचना बदलणाऱ्यालाच त्या फोनचा ड्रायव्हरही नव्या रचनेशी जुळवून द्यावा लागतो.