जोड तासिका व सांघिक अध्यापन

विज्ञानाचा प्रयोग मांडावा, मुलांनी साहित्याभोवती बसावे, निरीक्षणे लिहावयास प्रारंभ व्हावा आणि तेवढ्यात घंटा व्हावी, हा अनुभव कोणाही शिक्षकास अपरिचित नाही. दुसऱ्या दिवशी तुटलेला धागा जुळविण्यातच निम्मी तासिका खर्ची पडते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांनी या अडचणीवर दोन उपाय योजून पाहिले : जोड तासिका व सांघिक अध्यापन. त्यांचे यश आणि अपयश दोन्हीही ग्रामीण शिक्षकांनी अभ्यासण्याजोगी आहेत.

पूर्वपीठिका

अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने एका विषयाच्या वर्षभरातील सुमारे १२० तासांच्या अभ्यासास एक एकक मानण्याची पद्धत रूढ केली. तेव्हापासून शिक्षण तासांनी मोजले जाऊ लागले. १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन गावच्या फ्रँकलिन प्राथमिक शाळेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने, सांघिक अध्यापनाचा प्रयोग झाला. पुढे लॉइड ट्रम्प यांनी माध्यमिक शाळांसाठी एक योजना मांडली. तीत ४० टक्के वेळ मोठ्या गटात श्रवणासाठी, २० टक्के लहान गटात चर्चेसाठी व ४० टक्के स्वाध्यायासाठी राखलेला होता. अनेक शाळांनी ही योजना पुढे सोडून दिली. देखरेखीवाचून मिळालेला मोकळा वेळ सर्वच मुलांना पेलवला नाही, हे त्याचे एक मुख्य कारण होते.

जोड तासिकेचा हिशेब

१९९० नंतरच्या दशकात सुमारे ९० मिनिटांच्या जोड तासिका तेथे बऱ्याच शाळांत सुरू झाल्या. एका प्रकारात विषय एक दिवसाआड येतात. दुसऱ्यात चार विषय अर्धे वर्ष रोज शिकवून संपवितात व उरलेले चार पुढच्या अर्ध्या वर्षात घेतात.

येथे हिशेब पाहणे अगत्याचे आहे. ४५ मिनिटांची तासिका १८० दिवस घेतल्यास १३५ तास होतात. ९० मिनिटांची तासिका ९० दिवस घेतली तरी तेवढेच तास भरतात. मात्र ज्या शाळेत पूर्वी ५५ मिनिटांची तासिका होती, तेथे मूळचे तास १६५ असतात. म्हणजे प्रत्येक विषयाचे ३० तास घटतात. विषयांची संख्या वाढली, परंतु प्रत्येकाची खोली कमी झाली.

आणखीही दोष दिसून आले. मूल एक दिवस गैरहजर राहिल्यास त्याचे दोन पाठ बुडतात. तसेच शिक्षकाने ९० मिनिटे केवळ व्याख्यान दिले, तर जुना कंटाळा दुप्पट होतो. परीक्षेतील गुणांविषयीचे निष्कर्ष म्हणूनच परस्परांशी जुळत नाहीत. वेळ वाढविल्याने लाभ झाला तो पाठाची रीत बदलली तेथे.

संघाचे खरे कार्य

सांघिक अध्यापन म्हणजे दोघांनी एका वर्गात आळीपाळीने बोलणे, असा समज होतो. अमेरिकेतील मधल्या शाळांत भाषा, गणित, विज्ञान व समाजशास्त्र यांचे शिक्षक एकाच विद्यार्थिसमूहाची जबाबदारी घेतात, आणि त्यांना एकत्र विचारविनिमयासाठी ठरावीक वेळ दिलेला असतो. हा वेळ हेच त्या पद्धतीचे मर्म होय.

एखादा मुलगा तोंडी हिशेब अचूक सांगतो, पण शाब्दिक उदाहरण चुकवितो. गणिताचे गुरुजी त्यास गणितात कच्चा मानतात. तोच मुलगा वाचताना अडखळतो, हे भाषेच्या बाईंस ठाऊक असते. दोघे एकत्र बसले नाहीत, तर त्या मुलावर गणिताचा जादा सराव लादला जाईल आणि त्याचे खरे न्यून वर्षभर तसेच राहील.

आपल्या शाळांत काय शक्य आहे ?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांकरिता किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. तसेच शिक्षकाच्या आठवड्यातील ४५ तासांत पाठाच्या पूर्वतयारीचा वेळही धरलेला आहे. म्हणजे तीन शिक्षकांची शाळा हा एक लहान संघच होय.

भाषा व गणित रोज असावेत. पिकांच्या हंगामात मुले गैरहजर राहतात, तेथे तर हे विशेष आवश्यक आहे. आठवड्यातून केवळ एकदा दोन लगतच्या तासिका जोडाव्यात. उदाहरणार्थ, ८० मिनिटांचा 'पर्जन्यमान' हा पाठ असा योजता येईल :

१. प्रस्तावना व कामाची वाटणी : १० मिनिटे.
२. गटागटाने पर्जन्यमापक तयार करणे : ३० मिनिटे.
३. गणित : २५ मिनिटे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तर ४० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पावसात किती? (४०० लिटर.)
४. निवेदन लिहिणे व वाचून दाखविणे : १५ मिनिटे.

गावची पिके व पाऊस यांचा संबंध सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनी पुढील तासिकेत जोडावा.

केंद्रसभेत चर्चेसाठी

१. आपल्या वेळापत्रकात कोणत्या दोन तासिका कोणत्याही विषयाची हानी न करता जोडता येतील ?
२. आठवड्यातील कोणती २० मिनिटे सर्व शिक्षकांना एकत्र बसता येईल ?
३. प्रत्येक शिक्षकाने मागे पडणाऱ्या एका मुलाविषयी आपले निरीक्षण स्वतंत्रपणे लिहून आणावे. ती निरीक्षणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत आणि त्या मुलासाठी पुढील आठवड्यात कोणी काय करावयाचे, ते तेथेच ठरवावे.