विलायतेची एलएल.बी. आणि इथल्या सनदेचा हिशेब

भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीतून बारावीनंतर मुलीला एलएल.बी.साठी इंग्लंडला पाठवायचं ठरत असेल, तर तिथल्या फीच्या आधी वर्षं मोजा. तिकडची एलएल.बी. तीन वर्षांची असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008च्या नियमांनुसार मात्र इथे वकिली करायला परदेशी पदवी बारावीनंतर पाच वर्षांची किंवा इतर पदवीनंतर तीन वर्षांची लागते, आणि ते विद्यापीठही कौन्सिलने मान्य केलेलं लागतं. कमी पडलेली दोन वर्षं इथे ब्रिज कोर्स करून भरून काढावी लागतात. खरा खर्च हा आहे: दोन वर्षांची फी, परगावी राहणं आणि तोवर थांबलेली कमाई. भुसावळला बी.कॉम. करून जाणाऱ्यांनीही जपावं. तिकडे पदवीधरांसाठी दोन वर्षांची एलएल.बी. असते. ती स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते, पण आपल्या नियमात ती बसत नाही.

डॉ. आंबेडकर 1937 साली धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले, तेव्हा लंडनच्या ग्रेज इनची बॅरिस्टरी इथे थेट चालत असे. आता परदेशी पदवीवाल्या भारतीयाला आधी कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. तिच्यात राज्यघटना, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया असे इथल्या वकिलीला लागणारे विषय येतात. लंडनला यातलं फारसं शिकवत नाहीत, म्हणून निदान सहा महिने नेटाने अभ्यास धरा. महागडा क्लास लावण्याआधी भुसावळ किंवा जळगावच्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे बसा. दिवाणी दावा दाखल होताना पाहिला की कलमं आपोआप डोक्यात बसतात. पुस्तकं मात्र जुनी घेऊ नका. 1 जुलै 2024पासून फौजदारी कायदे आणि पुराव्याचा कायदा बदलले आहेत. नव्या कायद्यांचा मूळ मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो.

पात्रता परीक्षा पास झाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नावनोंदणी. इथे डोळे उघडे ठेवा. 30 जुलै 2024च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवक्ता कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही. ते शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. मुद्रांक शुल्क लागलं तर तेवढं वेगळं. याउपर कुणी मागितलं तर त्या कायद्याचं कलम 24 दाखवा आणि पावती मागा.

त्यानंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा. तिची फी सुमारे साडेतीन हजार, अनुसूचित जाती-जमातींना अडीच हजार. शंभर प्रश्न, पंचेचाळीस टक्क्यांना पास (अनुसूचित जाती-जमातींना चाळीस), चूक उत्तराला गुण कापत नाहीत, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते.

इथेच एलएल.बी. करून परदेशी फक्त एलएल.एम.ला जाणाऱ्यांना ती पात्रता परीक्षा लागत नाही. बाकीच्यांनी शैक्षणिक कर्जावर सही करण्याआधी विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव लिहून दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर्ड पत्र टाकावं, आणि उत्तर येईपर्यंत पहिल्या सत्राची फी भरू नये.