मोटारीतील कळ आणि गॅरेजचे दार

अमेरिकेत पुष्कळ घरांना लागूनच गॅरेज असते व त्याचे दार रिमोटच्या रेडिओलहरींनी उघडते. हा रिमोट मोटारीत कायमचा बसवावयाचा, तर त्याच्या ३ व्होल्टच्या घटाऐवजी मोटारीची वीज घेता येते. ती १२ व्होल्टची, एंजिन चालू असता सुमारे १४. थेट जोडल्यास रिमोट जळावयाचा. म्हणून मध्ये दाबनियामक व फ्यूज हवा. बटणाच्या दोन टोकांना तारा डाख देऊन जोडाव्यात व चालकासमोरील कळीपर्यंत न्याव्यात. रिमोट धातूच्या पेटीत ठेवू नये, लहरी अडतात. खरा प्रश्न वीज कोठून घ्यावी हा. किल्ली फिरविल्यावरच प्रवाह येणारी तार निवडावी. एरवी दारात उभ्या मोटारीची काच फोडणाऱ्या चोरास घरही उघडेच मिळते.